दहा वर्षांचा लॅपटॉप: विंडोज ११ टाकू, लिनक्स टाकू की आहे तसाच ढकलू?

सावकाश

मंडळी, जरा सल्ला हवाय. घरात २०१५ सालचा लॅपटॉप आहे. आय५, पाचव्या पिढीचा, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची फिरती हार्ड डिस्क, विंडोज १०. माझं काम नव्या मशिनवर चालतं, हा बाबा वापरतात. मेल, बँकेचं स्टेटमेंट, व्हिडिओ कॉल आणि गेली चार वर्षं चालू असलेलं आठवणींचं लिखाण, एवढंच त्यांचं काम. मशिन इतकं संथ झालंय की बाबा सकाळी बटण दाबून आंघोळीला जातात, परत येईपर्यंत डेस्कटॉप दिसायला लागलेला असतो.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला हे सगळ्यांना माहीतच आहे. विंडोज ११ साठी तपासलं तर तुमचा पीसी बसत नाही म्हणतंय. आता तीन रस्ते दिसतायत: काहीतरी जुगाड करून ११ टाकायचं, लिनक्स टाकायचं, नाहीतर आहे तसंच चालू द्यायचं. नवीन घ्या असं कृपया सांगू नका, बाबांना हाच कीबोर्ड हवाय.

खटपट्या

नवीन घ्या.

(पळतो)

खटपट्या

बरं, गंमत पुरे. ११ टाकता येतं. रूफस नावाचं छोटं टूल आहे, त्यानं पेनड्राइव्ह बनवताना टीपीएम (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट (सुरू होतानाची सुरक्षा तपासणी) यांची अट काढून टाका असा पर्याय येतो, त्यावर टिक करायची की झालं. मी सहाव्या पिढीच्या मशिनवर दोन वर्षं वापरतोय, काही त्रास नाही. डोक्याला ताप न घेता टाकून मोकळे व्हा.

रात्रपाळी

खटपट्याभाऊ, "काही त्रास नाही" हे अर्धसत्य. महिन्याचे सिक्युरिटी अपडेट येतात, मान्य. पण वर्षाला जी मोठी आवृत्ती येते ती अशा मशिनवर आपोआप येत नाही, दर वेळी आयएसओ (विंडोजची पूर्ण फाइल) उतरवून हातानं करावी लागते. आणि न बसणाऱ्या मशिनला अपडेट देऊच असं मायक्रोसॉफ्टनं कबूल केलेलं नाही, आज देतायत उद्या बंद करतील. २४एच२ या मोठ्या आवृत्तीच्या वेळी झालंच की, प्रोसेसरला एसएसई ४.२ आणि पॉपकाउंट या सूचना कळत नसतील तर मशिन सुरूच होत नाही. कोअर २ (इंटेलचा जुना प्रोसेसर) वाले बिचारे तिथेच थांबले. पाचव्या पिढीला ती अडचण नाही, पण उद्याची खात्री कोण देणार? तुम्ही स्वतः वापरणार असाल तर ठीक, वडिलांच्या मशिनवर नको.

थकलेला पंखा

माझ्याकडे पण साधारण त्याच वयाचं मशिन आहे. गंमत म्हणजे बायोसमध्ये (मशिनच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन बघितलं तर पीटीटी नावाचा पर्याय सापडला, चालू केला तर टीपीएम २.० दिसायला लागलं. उड्या मारल्या. मग कळलं प्रोसेसरच विंडोज ११ च्या यादीत नाही. इंटेल असेल तर आठव्या पिढीपासून पुढे, एएमडी असेल तर साधारण रायझन २००० पासून. म्हणजे कुलूप उघडलं आणि आत भिंत.

मृण्मयी_क

सावकाश, तुमच्या प्रश्नातच गोंधळ आहे असं मला वाटतं. राग मानू नका. तुमची तक्रार दोन गोष्टींची आहे, एक म्हणजे मशिन संथ आहे आणि दुसरी म्हणजे सपोर्ट संपला. या दोन्हीचा एकमेकींशी काहीच संबंध नाही. ११ टाकून मशिन पळणार नाही, उलट बसेल.

एक काम करा. मशिन सुरू झाल्यावर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात डिस्कच्या रकान्यात किती टक्के दिसतंय आणि मेमरी किती वापरात आहे तेवढं इथे लिहा. आणि क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट टूल आहे ते चालवून डिस्कची तब्येत बघा. ओएसचं, म्हणजे विंडोज की लिनक्स ते, नंतर बोलू.

आजोबा२पॉइंटओ

मृण्मयीताईंशी सहमत आहे. आम्ही विंडोज ९५ फ्लॉपीवरून चढवलेली पिढी. तेरा फ्लॉप्या होत्या, आणि बाराव्या फ्लॉपीवर एरर आली की काय वाटतं हे आजच्या मुलांना सांगून कळायचं नाही.

निळापडदा

आजोबा तेरा फ्लॉप्या 😂 त्यापेक्षा एक्सपी बरं होतं ते हिरवं टेकाड बघूनच मन शांत व्हायचं

थकलेला पंखा

ते टेकाड खरं आहे बरं का. चार्ल्स ओरिअर नावाच्या फोटोग्राफरनं १९९६ मध्ये कॅलिफोर्नियात काढलेला फोटो आहे, संगणकावर रंगवलेलं चित्र नाही. मी कितीतरी वर्षं ते चित्रच समजत होतो.

सावकाश

धन्यवाद सगळ्यांना. मृण्मयी, सांगितलं तसं केलं.

डिस्क १००%. काहीही उघडलेलं नसताना, सुरू होऊन वीस मिनिटं झाल्यावर सुद्धा १००%. मेमरी ३.९ पैकी ३.२ जीबी.

आणि त्या दुसऱ्या टूलमध्ये पिवळ्या रंगात "कॉशन" असं आलंय. खाली सी५ लिहिलेल्या ओळीपुढे पण पिवळा ठिपका आहे. हे वाईट आहे का?

मृण्मयी_क

थांबा. तो लॅपटॉप आता उगाच सुरू-बंद करू नका आणि कृपा करून त्यावर कुठलंच अपग्रेड चालवू नका.

सी५ म्हणजे डिस्कला जे सेक्टर वाचताना अडखळायला होतंय त्यांची मोजदाद. ते सेक्टर अजून बाद केलेले नाहीत, रांगेत आहेत. डिस्क पुन्हा पुन्हा तिथेच डोकं आपटते म्हणून १००% दिसतं आणि म्हणूनच आंघोळ होईपर्यंत वाट बघावी लागते. अशी डिस्क सहा महिने चालेल किंवा उद्या सकाळी जाईल. अपग्रेड म्हणजे तिच्यावर वीस-पंचवीस जीबीची लिहा-पुसा. दम्याच्या माणसाला गड चढायला लावण्यासारखं आहे.

आधी बाबांचं लिखाण बाहेर काढा. सगळी डिस्क नाही, फक्त लिखाण. मग फोटो. मग बाकीचं.

रात्रपाळी

+१. आणि क्लोन (आख्ख्या डिस्कची हुबेहूब प्रत) करायच्या भानगडीत पडू नका. धडधाकट डिस्क असेल तर क्लोन उत्तम, पण आजारी डिस्कचं क्लोन करताना टूल त्या खराब जागेशी तासन् तास झटत बसतं आणि तेवढ्यात डिस्क मान टाकते. कॉपी-पेस्टनं फाइल निघत नसल्या तर लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह (डिस्कवर न टाकता त्यावरूनच लिनक्स चालतं) लावून डीडीरेस्क्यू हे टूल वापरा, ते आधी सोपा भाग उचलतं आणि अवघड जागा शेवटाला ठेवतं.

खटपट्या

मी वर रूफस सांगितलं ते मागे घेतो. टाकलं असतंत तर शिव्या मलाच बसल्या असत्या.

सावकाश

लिखाण काढलं. ६१ फाइल आहेत, साठ निघाल्या. एक फाइल कॉपी होताना चाळीस टक्क्यांवर थांबते, डिस्कमधून टक्... टक्... असा आवाज येतो आणि सगळं गोठतं. बाबांना विचारलं त्यात काय आहे तर म्हणाले "मामाच्या लग्नाचं प्रकरण". आता काय करू?

रात्रपाळी

आवाज येतोय म्हणजे आता बंद करा. लाइव्ह लिनक्स, डीडीरेस्क्यू, दुसऱ्या बाहेरच्या डिस्कवर इमेज (सगळ्या डिस्कची एकच फाइल), आणि मग त्या इमेजमधून फाइल. मूळ डिस्कला परत हात लावायचा नाही. आणि हो, बाहेरची डिस्क ५०० जीबीपेक्षा मोठी लागेल. आदेश लिहिताना मूळ कुठली आणि बाहेरची कुठली ते तीन वेळा वाचा, उलटं लिहिलंत तर साठ फाइलीपण जातील. रात्री करा, वेळ लागतो.

निळापडदा

बाबांच्या मेलमध्ये बघा कोणाला पाठवली असेल ती फाइल. माझ्या आईनं तिचा सगळा हिशोब मावशीला मेल करून ठेवला होता, तिथून मिळाला

आजोबा२पॉइंटओ

हे उत्तम सुचवलंत.

श्रावणझड

तोपर्यंत मी मुख्य विषयावर थोडं बोलते, कारण मला ओएसचं पण लिहायचंय. मी दीड वर्षापूर्वी माझ्या मशिनवर लिनक्स मिंट टाकलं, एक्सएफसीई वाली हलकी आवृत्ती. लोक सांगतात की लिनक्स टाकलं की जुनं मशिन नवं होतं, तर तसं काही नाही. सुरू झाल्या झाल्या मेमरी कमी खातं हे खरं, पण ब्राउझरमध्ये पंधरा टॅब उघडले की ४ जीबी तिथेही संपते, कारण मेमरी टॅब खातात, ओएस नाही. मला सगळ्यात जास्त फरक पडला तो एसएसडीचा (न फिरणारी, वेगवान डिस्क). मिंटचा फायदा वेगळा आहे, मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत आणि कोणी मला टीपीएम विचारत नाही.

पहिले दोन दिवस वायफाय दिसतच नव्हतं. ब्रॉडकॉमचं कार्ड होतं, त्याचा ड्रायव्हर वेगळा घ्यावा लागतो, आणि ड्रायव्हर घ्यायला इंटरनेट लागतं, आणि इंटरनेटला वायफाय. शेवटी फोन यूएसबीनं जोडून फोनचं नेट लॅपटॉपला दिलं, ड्रायव्हर मॅनेजर उघडला, पाच मिनिटांत झालं. तेव्हा टाकण्याआधी पेनड्राइव्हवरून नुसतं चालवून बघा, डिस्कला हात न लावता सगळं दिसतं: वायफाय, आवाज, कॅमेरा, झाकण लावून उघडल्यावर जागं होतंय का ते पण. हे शेवटचं जरूर बघा, माझं जागं व्हायचं नाही.

खटपट्या

आणि प्रिंटर?

श्रावणझड

प्रिंटरचं नाव काढू नका.

थकलेला पंखा

क्रोमओएस फ्लेक्स (जुन्या मशिनवर टाकायची गूगलची ओएस) कोणी वापरलंय का? ४ जीबीवर चालतं म्हणे.

रात्रपाळी

वापरलंय. ब्राउझरपुरतं काम असेल तर झकास. अँड्रॉइडची ॲप मात्र चालत नाहीत, क्रोमबुकवर चालतात म्हणून लोक समजतात इथेही चालतील. आणि ते विंडोजच्या शेजारी बसत नाही, आख्खी डिस्क पुसून घेतं. लिखाण करणाऱ्या माणसाला मी देणार नाही.

मृण्मयी_क

सावकाश, बाबा मराठी कशात टाइप करतात? यावर सगळं अवलंबून आहे.

सावकाश

तेच तर. जुन्या पद्धतीचा फॉन्ट आहे, युनिकोड (कुठल्याही मशिनवर मराठी नीट दिसणारी पद्धत) नाही. एक जुनं सॉफ्टवेअर आहे टायपिंगचं, त्याची सीडी होती. बाबांचा हात त्यावरच बसलाय, टाइपरायटरचा लेआउट. मेलमध्ये पेस्ट केलं की समोरच्याला इंग्रजी कचरा दिसतो म्हणून ते पीडीएफ करून पाठवतात.

मृण्मयी_क

मग लिनक्स तूर्त बाजूला ठेवा. फॉन्टची फाइल लिनक्समध्ये टाकता येईल, लिबरऑफिसमध्ये जुनं लिखाण दिसेलही, पण ते टायपिंगचं सॉफ्टवेअर विंडोजचं आहे, ते तिथे चालायची खात्री नाही. आणि चार वर्षं लिहिणाऱ्या माणसाचा हात मोडून काढायचा हे काही बरं नव्हे.

माझं मत असं: एसएसडी टाका, रॅम ८ करा, विंडोज १० कोरं टाका आणि ईएसयू (सपोर्ट संपल्यावरही सिक्युरिटी अपडेट देणारी मायक्रोसॉफ्टची योजना) घ्या. घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सिक्युरिटी अपडेट मिळतात. २२एच२ आवृत्ती हवी आणि मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन करायला हवं. सेटिंग्जचा बॅकअप त्यांच्या क्लाउडवर चालू केला तर वेगळे पैसे पडत नाहीत. विंडोज अपडेटच्या पानावरच नोंदणीची लिंक येते. नवं काही मिळणार नाही, फक्त भोकं बुजवली जातील, पण तुम्हाला तेवढंच हवंय. तेवढ्या मुदतीत लिखाण युनिकोडमध्ये आणा. मग तुम्ही मोकळे, कुठलीही ओएस घ्या.

निळापडदा

आहे तसंच चालवलं तर काय बिघडतं पण? माझ्या काकांचं विंडोज ७ अजून चालू आहे

रात्रपाळी

विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, आणि क्रोम १०९ वर अडकून पडलंय तिथे. आज चालतं, मग एक दिवस बँकेची साइट म्हणते ब्राउझर जुना आहे. मशिन बंद पडत नाही, बाहेरचं जग एकेक दार लावत जातं. काकांना म्हणावं निदान बँकेचं काम त्यावर करू नका.

थकलेला पंखा

रॅम घेताना एक सांगतो, माझी चूक होऊ नये तुमची. पाचव्या पिढीत बहुतेक डीडीआर३एल लागते, १.३५ व्होल्टची. मी साधी डीडीआर३ घेतली, १.५ व्होल्टची, खाचेत मस्त बसली आणि मशिन सुरूच होईना, नुसता काळा पडदा. दोन तास मला वाटत होतं मदरबोर्ड गेला. आणि काही पातळ मॉडेलमध्ये रॅम बोर्डलाच चिकटवलेली असते, आधी खाली झाकण उघडून बघा स्लॉट आहे का.

उघडलंच आहे तर बॅटरी पण बघा. फुगलेली असेल, टचपॅड वर आलेला असेल, तर आधी ती काढा, दाबून बसवायला जाऊ नका. आणि छोटी गोल बॅटरी, घड्याळाची, सीआर२०३२, ती दहा वर्षांत संपलेलीच असते. माझ्या मशिनची तारीख रोज मागे जायची आणि प्रत्येक साइट "कनेक्शन सुरक्षित नाही" म्हणायची. मी व्हायरस समजून दोनदा फॉरमॅट केलं.

आजोबा२पॉइंटओ

दोनदा! :)

खटपट्या

विंडोज कोरं टाकायचं तर लायसन्सचं काय? चिकटपट्टीवरची की तर पुसली गेली असणार.

रात्रपाळी

की लागत नाही. विंडोज १० चं लायसन्स मदरबोर्डशी जोडलेलं असतं, डिस्क बदलली तरी तीच आवृत्ती, होम तर होम, टाकली की नेट जोडल्यावर आपोआप ॲक्टिव्हेट होतं. टाकताना "माझ्याकडे की नाही" वर क्लिक करून पुढे जायचं.

श्रावणझड

बिटलॉकरचा (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) विषय कोणी काढला नाही अजून, तर काढतेच. ऑफिसचा जुना लॅपटॉप घरी आणला होता, बायोसमध्ये जाऊन टीपीएमशी खेळले आणि पुढच्या वेळी निळा पडदा, ४८ अंकी की मागतोय. अठ्ठेचाळीस! आठ गटांत सहा-सहा. मी सेव्ह केली होती की नाही हेच आठवेना. शेवटी दुसऱ्या मशिनवरून खात्यात लॉगिन केलं तर तिथे होती, एकेक आकडा वहीत उतरवला, पाचव्या गटात सहाचा आठ झाला म्हणून परत पहिल्यापासून. बायोसला हात लावायच्या आधी बिटलॉकर थांबवून ठेवा आणि की कागदावर लिहा.

मॅकवाला_एकटा

इथे माझं कोणी नाही असं दिसतंय. माझ्याकडे २०१४ चा मॅक आहे, ओपनकोअर लेगसी पॅचर (जुन्या मॅकवर नवी मॅकओएस टाकणारं टूल) लावून चालवतो. पण आता टाहो ही इंटेलवर चालणारी शेवटची मॅकओएस, त्यामुळे ती गाडी पण डेपोत चालली.

खटपट्या

या, बसा.

सावकाश

दहा दिवसांनी लिहितोय, सॉरी, मध्ये वेळच मिळाला नाही.

आधी त्या फाइलचं सांगतो. डीडीरेस्क्यू रात्रभर चालवलं, ५०० जीबीतला जवळजवळ सगळा भाग आला, पण नेमकी ती फाइल उघडत नव्हती. निळापडदा, तुम्हाला साष्टांग. बाबांच्या मेलमध्ये शोधलं तर त्यांनी ते प्रकरण दोन वर्षांपूर्वी आत्याला पीडीएफ करून पाठवलं होतं. नंतर केलेले बदल गेले, पण मूळ आहे. बाबा म्हणाले नंतरचे बदल म्हणजे फक्त मामाला बरं वाटावं म्हणून घातलेली वाक्यं होती, गेली ते चांगलंच झालं.

एसएसडी टाकली, रॅम ८ केली (१.३५ व्होल्ट, पंखासाहेब धन्यवाद), गोल बॅटरी बदलली. विंडोज १० कोरं टाकलं, ॲक्टिव्हेट आपोआप झालं, ईएसयूची नोंदणी पण झाली, मात्र ती लिंक पहिले दोन दिवस दिसत नव्हती, सगळे अपडेट संपल्यावर आली. आता बटण दाबल्यापासून वीस सेकंदांत डेस्कटॉप.

आणि इथे नवीनच भानगड. पहिल्या दिवशी बाबांनी फोन केला, लॅपटॉप सुरूच होत नाही. मी गेलो तर चालू होत होता. दुसऱ्या दिवशी परत तेच. मग शेजारी बसून बघितलं. बाबा बटण दाबतात, कान लावतात. दहा वर्षं त्यांना डिस्क फिरायला लागल्याचा घर्र आवाज यायचा, तोच चालू झाल्याचा पुरावा. आता आवाज नाही, म्हणून परत बटण दाबतात, आणि तेवढ्यात सुरू झालेला लॅपटॉप झोपी जातो. दोन दिवस हेच चाललं होतं. आता सेटिंगमध्ये बटण दाबल्यावर काहीच करू नको असं ठेवलंय.

निळापडदा

😂😂 कान लावतात

श्रावणझड

माझी आई अजून प्लग काढायच्या आधी हार्ड डिस्कचा दिवा विझायची वाट बघते, लॅपटॉपला तो दिवाच नाही.

मृण्मयी_क

छान झालं. आता युनिकोडचं मनावर घ्या, ऑक्टोबर लांब वाटतो पण नाही. रूपांतर करायची टूल मिळतात, पण शंभर टक्के बरोबर येत नाही. रफार हमखास चुकतो, आणि पहिली वेलांटी उडी मारून शेजारच्या अक्षरावर बसते कारण जुन्या फॉन्टमध्ये ती अक्षराच्या आधी टाइप व्हायची. प्रत्येक पान डोळ्यांखालून घालावं लागेल. मूळ फाइल जपून ठेवा, त्यावर काम करू नका, प्रतीवर करा.

सावकाश

सुरुवात केलीय, पाच फाइल झाल्या. बाबाच तपासतायत, पण तपासता तपासता नवीन मजकूर घालतात त्यामुळे पाचाच्या सात झाल्या. पेनड्राइव्हवर मिंट पण करून ठेवलंय, एकदा दाखवलं त्यांना. म्हणाले रंग बरे आहेत.

जुन्या डिस्कचं काय करू? टाकून देऊ का?

रात्रपाळी

तशीच टाकू नका, बँकेची स्टेटमेंटं आहेत त्यात. ती वाचता येत नाही म्हणजे तुम्हाला येत नाही. उघडून तबकडी मोडा, काही डिस्कमध्ये ती काचेची असते तेव्हा डोळ्यांना चष्मा लावा.

आजोबा२पॉइंटओ

आणि आतले लोहचुंबक ठेवून द्या. दोन असतात, फार जबर. माझ्या फ्रिजवर तीन जुन्या डिस्कचे आहेत, एक तर आता निघतच नाही.